कुड्याच्या झाडाचा लाल दोरा

६ ऑक्टोबर १९५७, रविवार

ही वही नलूची. पाचवीच्या गणिताची. मांगच्या पानांवर तिचे भागाकार आहे, ते मी खोडले नाही, मेहनतीनं केले पोरीनं. पुढची पानं कोरी दिसली तं तिले म्हटलं, मले दे. ती म्हणे, "आजी, तू काय लिहिशील?" म्हटलं, दिसन ते लिहीन. साठ साल नुसतं पाह्यलं, आता लिहू दे.

अक्षरं मले नलूनंच शिकवली. मांगच्या साली आम्ही दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, तेव्हा बाबाराव म्हणाला, आता या घरात अडाणी कोणी राहायचं नाही. बाबाराव माहा लेक, नलूचा बाप. देवाच्या कोनाड्यात पाटी ठेवली. रुखमाबाई म्हणाली, "मी अडाणीच मरीन, मले सही कुठं कराची हाय?" रुखमाबाई म्हणजे माह्या मालकाची मोठी बहीण, माही नणंद. पंचाहत्तरीची असन. दात तीन राह्यले, जीभ सगळी आहे.

आता आजचं. मानीबाईसंग टेकडीवर गेलती. मानीबाई तांड्यावरची बंजारीण, तीस वर्षांपासूनची माही मैतरीण. कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, चालली की आधी बांगड्या येतात मग ती येते. लोहाऱ्यापासून इकडं चार गावांत कोणाचं पोट दुखलं, हाड मोडलं, की तिले बोलावणं. तिच्या पोरीचं यात मन नाही. म्हून मी म्हटलं, तू सांग, मी लिहून ठेवते. तिले लिहिता येत नाही, मले झाड ओळखता येत नाही. दोघी मिळून एक शहाणी होऊ.

तिनं आज कुडा दाखवला. रगत आव लागली तं याच्या सालीचा काढा देतात, एवढं ऐकून होती. पान लांबोळं, समोरासमोर, तोडलं की दूध. शेंगा चवळीवाणी लांब, जोडीनं लटकतात. बाजूलेच त्याचा भाऊ उभा, काळा कुडा. त्यालेही दूध, त्याच्याही शेंगा जोडीच्या, पण त्या दोघींचे शेंडे खाली जाऊन चिकटतात. मानीबाई म्हणे, "एक भाऊ औषिधाचा, एक भाऊ खेळण्याचा. याच्या लाकडाचे पोराईचे भोवरे होते. पोटाले काही कामाचा नाही."

मग तिनं कुड्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा माह्या तोंडात टाकला. अरे देवा! (हे आता लिहायचं नाही, पण लिहिल्या गेलं.) असं कडू की कानाच्या पाळ्या हालल्या. घरी येऊन भाकर खाल्ली ती कडू, पाणी प्याली ते कडू, नलूचा पापा घेतला तोही कडू.

एक राह्यलं. निघतांनी मानीबाईनं कुड्याच्या बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवले, हळद लावली अन् खोडाले लाल दोरा बांधला. म्हणे, "होळीच्या मांगंपुढं साल काढाले येतो, हे न्योतं."

म्हटलं, "पाच महिने आधी?"

"लग्नाचं न्योतं का मांडवात बसल्यावर देते?"

मले म्हणे, तूही एका झाडाले बांध. मी नाही बांधला. दोरे, गंडे, अंगारे आम्ही सोडले. अन् झाडाले विचारायचं कायले, ते काय नाही म्हणणार आहे? मानीबाई हसली. "ते बोलतच नाही ना, बाई. तेच तं."

२० ऑक्टोबर, रविवार

तुळशीची काडी गोल नसते! चौकोनी असते. दोन बोटांत फिरवली की चार कोन टक टक टक टक लागतात. तुळस आम्ही आता पुजत नाही, खोकल्यापुरती आहे. पण चाळीस साल तिले पाणी घातलं अन् हे मले कळलं नाही. पुजत होती म्हून हात लावला नाही वाटते.

मानीबाई म्हणते, पानावर भरोसा ठेवू नको, पान पाव्हणं आहे. खोडाले हात लाव, खोड घरचं माणूस आहे. तर आज काय काय शिकली ते लिहिते. निरगुडीची कवळी फांदी चौकोनी. सागाचीही! मी सागाच्या पानावर जेवली, सागाच्या पाटावर बसली, अन् त्याची कवळी काडी चौकोनी हे आज कळलं. येन झाडाची साल भेगाळलेली, जशी उन्हाळ्यातली काळी जमीन. सालईची साल कागदावाणी निघते. बिबल्याले घाव केला की लाल रगत येते, मी घाबरून त्याले माती लावली, मानीबाई पोट धरून हसली. गुळवेल आडवी कापली तं आत बैलगाडीचं चाक, सारे आरे दिसतात. कोण्या सुतारानं केलं असन?

घरी येऊन साऱ्या काड्या तपासल्या. झाडूची, तुरीची, कापसाच्या पऱ्हाटीची. रुखमाबाई बाजेवरून म्हणे, "कौसे, आता माही टांग पाह्य. गोल हाय का चौकोनी?"

म्हटलं, "बाई, तुमची काडीच राह्यली, कोन कुठून आणू?"

दोघी इतक्या हसलो की सून चुलीपासून उठून आली. तिले काय सांगायचं?

१२ जानेवारी १९५८, रविवार

कापसाची वेचणी होती, वही उघडली नाही. बोंडांनी बोटं फाटली आहे, पेन्सिल धरतांनी चरचरते.

आज नलूले घेऊन लाकडाले टेकडीवर गेली. मानीबाईचा कुडा दिसला. दोरा खोडात रुतल्यावाणी झाला होता. नलू म्हणे, "आजी, आपण तं दोरे सोडले ना?" पोरीपुढं काय बोलू? म्हटलं, हो बाई, सोडले. अन् सोडला. झाडाले मोकळं वाटलं असन. मानीबाईले सांगितलं तं रागावन, म्हून मनातच ठेवलं. दोरा फेकवला नाही, चांगल्या सुताचा आहे. वहीत पानाची खूण केली. आता वही उघडली की बरोबर माह्याच पानावर.

२ मार्च, रविवार

मानीबाई महागावकडं पोरीच्या घरी गेली. तिले नातू झाला, होळीले त्याची धुंड आहे. धुंड म्हणजे बंजाऱ्यांत नव्या पोराचं पहिल्या होळीचं कौतुक, डफ वाजवून गाणी म्हणतात. नवा घागरा घालून दाखवाले आलती. जातांनी म्हणे, "दहा-बारा रोज मी नाही. कोनाले कुड्याची साल लागली तं दोरा पाहून घेजो. दुसऱ्या झाडाले हात लावू नको."

दोरा तं कोनाड्यात, वहीत. सांगू सांगू म्हटलं. पण ती एवढ्या खुशीत होती, मग नाही सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

रुखमाबाईले परवापासून रगत आव लागली. बाबाराव म्हणाला, यवतमाळले दवाखान्यात नेतो. तं ती म्हणे, "एवढी वहीभर विद्या घरात हाय अन् मी बंडीत हाडं खिळखिळी करून घेऊ? कौसे, तुहा काढा दे मले."

मले काय वाटलं ते कसं लिहू? पन्नास सालांत तिनं माह्या वरणाले चांगलं म्हटलं नाही. अन् आज औषध मागते.

धावतच टेकडीवर गेली. पाहते तं जंगल ओळखूच येईना. पळस तेवढा लाल, बाकी एका झाडाले पान नाही. कुड्याच्या शेंगा फुटून गेल्या, त्यातला कापूस उडून गेला. जिथं मानीबाईचा कुडा होता तिथं सात खोडं, सारी सारखी, जशी डोस्की भादरलेली माणसं रांगेत बसली. दोरा असता तं, असं मनात आलं. येऊ दिलं नाही.

मग डोकं लावलं. एक खोड खरबरीत होतं, खवले निघालेले, खरूज झाल्यावाणी. बाजूचं गुळगुळीत, साफ, हात फिरवत राहावं असं. दोघांतूनही दूध निघालं. आता मले सांगा, जे झाड स्वतःच रोगी, ते दुसऱ्याले काय बरं करन? गुळगुळीत झाडाची साल काढली. येतांनी वाटलं, मानीबाई नसली तरी जमते मले.

८ मार्च, शनिवार

काढा दिला. मी चाखून नाही पाह्यला, मांगची चव अजून कानात आहे. एका हातात गूळ घेऊन उभी राह्यली, दुसऱ्या हातात वही, म्हटलं कसा लागला ते लिहून घेईन.

रुखमाबाईनं एक घोट घेतला. थांबली. माह्याकडं पाह्यलं, वहीकडं पाह्यलं. मग सारी वाटी प्याली अन् म्हणे, "कौसे, तुह्या हातचं औषिध कडू लागतच नाही."

गूळ घेतलाच नाही! कोणाच्या हाताले गुण असते म्हणतात, ते हेच असन. मानीबाईच्या हातची साल कडू, माह्या हातची गोड. येऊ दे तिले, सांगतेच.

११ मार्च, मंगळवार

उतार नाही. कालपासून एका वाटीच्या दोन वाट्या केल्या. ती काही न बोलता पिते. न बोलता! रुखमाबाई!

बाबाराव आज जोरानं बोलला, "आई, पुरे झालं, उद्या नेतो." ती डोळे मिटूनच म्हणे, "थांब रे, कौसीचं औषिध लागू पडन." लागू काहून पडत नाही? साल ताजी आहे. पाणी निम्मं आटवलं. कुठं चुकलं ते सापडत नाही.

तिचे पाय दाबले. खरंच काड्या झाल्या. मी नऊ वर्षांची होती तेव्हा या घरात आली. तीन रोज रडत होती. हिनं मले उचलून आपल्या पदरात झोपवलं अन् म्हटलं, "कौसे, रडून रडून सुजशील, मंग तुह्या बापाले वाटन आम्ही मारलं." तवापासून कौसे. सासू गेली, मालक गेले. आता कोणी मले आई म्हणते, कोणी आजी, कोणी काकू. कौसे म्हणणारी एकच राह्यली. ती गेली तं कौसी कोणाले माहीत?

१३ मार्च, गुरुवार

मानीबाई आली. नातवाचं खोबरं वाटाले आलती. दारातूनच रुखमाबाईचं तोंड पाह्यलं अन् खोबरं बाजूले ठेवलं. म्हणे, "साल दाखव."

मी दिली. तिनं तुकडा तोंडात टाकला अन् चावून राह्यली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होती. चावून राह्यली, चावून राह्यली, अन् तोंड वाकडंच होईना.

"बाई, हे तं भोवऱ्याचं झाड. दोऱ्याचं झाड सोडून इकडं काहून गेली?"

मी कोनाड्यातून वही काढली अन् दोरा तिच्या हातावर ठेवला. तिनं शिवी दिली असती तं बरं झालं असतं. ती दोरा पाहत बसली. मग म्हणे, "तुले वाटलं मी देवाले बांधला? देव तं मी घरी ठेवून येतो. दोरा मी माह्यासाठी बांधतो. पान हाय तवर झाड सांगते मी कोन म्हून. पान गेल्यावर कोन सांगन?"

बाबारावनं लगेच बंडी जुंपली, गवत पसरलं, रुखमाबाईले उचलून निजवलं. सून संग गेली. मी बंडीमांगं चालाले लागली तं मानीबाईनं हात धरला. "तू तिथं रडशील. इथं शिक."

टेकडीवर तिनं मले डोळे मिटाले लावले. म्हणे, डोळ्यानंच फसवलं तुले. एकेका खोडाले हात लावला. हे गुळगुळीत, नख घसरते. हे खरबरीत, नखानं खवला निघते. चाख. मी चाखलं. कडू! पुढचं. गुळगुळीत, चाख. काहीच नाही, लाकूड. अशी सातही खोडं. तीन कुडे, चार काळे कुडे. ज्याले मी रोगी म्हटलं तोच कुडा होता. मानीबाई म्हणे, "रोगी नाही ते. एवढं कडू पोटात ठेवणाऱ्याचं अंग असंच राह्यते."

लाजेनं मान वर होत नव्हती. अन् तरी बोटं थांबत नव्हती, हेही लिहिते, कारण खरं आहे. माणूस दवाखान्याच्या रस्त्यावर, अन् माही बोटं म्हणत होती, पुढचं कोणतं, पुढचं कोणतं.

१४ मार्च, शुक्रवार

बाबाराव सांगून गेला. बाटली लावली. डाक्टर म्हणाला, आणखी दोन रोज उशीर केला असता तं इकडं आणायचं कामच नव्हतं.

जेवण गेलं नाही.

१९ मार्च, बुधवार

आली! बंडीतून उतरतांनी म्हणे, "बैल चांगले हाय, रस्ता हरामी हाय." मी दारच्या पळसाखाली उभी राहून रडली.

आव थोडी बाकी आहे. डाक्टरनं गोळ्या दिल्या, त्या घेतेच. मानीबाईनं खऱ्या कुड्याचा काढा केला, मी आधी चाखला, मग वाटी दिली. पहिल्या घोटाले रुखमाबाईचे तीनही दात दिसले. "मारलं वं मले! कौसे, जहर घातलं काय?" असा आवाज, की शेजारी धावून आले. पंधरा रोजांत एवढं गोड काही ऐकलं नाही. आता गोळ्यांनी बरी होईन का कुड्यानं, ते मले माहीत नाही, अन् वहीत मी ठरवत नाही.

शेजारी गेल्यावर तिच्या बाजेशी बसली. सारं सांगितलं. दोरा सोडला ते, खरजुलं झाड सोडलं ते, गोड साल ते. म्हटलं, "बाई, मी तुम्हाले भोवऱ्याचं लाकूड पाजलं."

ती म्हणे, "मले माहीत हाय."

"केव्हापासून?"

"पहिल्या घोटापासून. माही माय आमाले कुडा पाजे. नाक दाबून, छातीवर बसून पाजे. कुडा कडू नसते काय, वेडे?"

मग म्हटलं, "मंग सांगितलं काहून नाही?"

तिनं कूस बदलली. भिंतीकडं तोंड करून म्हणे, "तू वही घेऊन उभी होती. एवढ्या खुशीत. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगीन. उद्याचं परवा झालं." अन् थोड्या वेळानं, "अन् गोड पिऊन मराले काय वाईट हाय?"

मी तिचे पाय दाबत बसली. मानीबाईले दोऱ्याचं मीही असंच सांगितलं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

मानीबाईसंग टेकडीवर. मी डोळे मिटून तीनही कुडे शोधले, एकदाही चुकली नाही. मग वहीतला लाल दोरा काढून त्याच जुन्या झाडाले बांधला, सैल, रुतणार नाही असा. बाकी दोघांले सुनेच्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्या. नलू संग होती. ती विचारायच्या आधी मीच म्हटलं, "हा देवाचा नाही, ओळखीचा आहे. तू कशी पाटीवर नाव टाकतेस, तसा." ती म्हणे, "मग काळ्या कुड्यालेही बांधू ना, वेगळ्या रंगाचा?" मानीबाईनं तिच्या तोंडाकडं पाह्यलं अन् माह्याकडं. म्हणे, "ही शिकन."

मानीबाईनं आपल्या झाडाशी तांदूळ ठेवले. मी नाही ठेवले.

दोरा गेला तं वहीत आता पानाची खूण नाही. उघडली की आधी नलूचे भागाकार लागतात, मग काढ्याचा डाग पडलेलं कुड्याचं पान, मग तुळस, मग मार्चची पानं. ती पानं फाडू म्हटलं होतं. नाही फाडली. पुढं कोणी वाचलं तं त्याले खरजुलं झाड समजलं पाहिजे.

आता लिहून राह्यली तं रुखमाबाई बाजेवरून विचारते, "काय वं, एवढं काय लिहून राह्यली?"

म्हटलं, "आता खरं तेवढंच लिहिते, बाई."

म्हणे, "मंग होईनच लवकर. ये, पाय दाब."